भांगाचं पाणी

यादीत मी शेवटी असते:
विद्यार्थी सदतीस, शिक्षक दोन, अटेंडंट एक.
शारजातून अंधारातच निघालो.
प्रत्येक बोगद्यात सहावी ब ओरडली, तेवढ्याच जोरानं,
आणि डोंगर संपता संपता जोएलला उलटी झाली.
पिशवी, पाणी, ओला रुमाल.
हे माझं काम.

कलब्याच्या राखीव खाडीशी शाळेचा करार आहे, तीन वर्षांचा.
शिक्क्याचा कागद ऑफिसात काचेआड टांगलाय.
महिन्यातून एकदा यायचं, तेच चौकोन मोजायचे,
चार काठ्या, निळी दोरी,
आत किती बिळं, किती रोपं.
तेच तेच मोजलं तरच बदल कळतो,
असं शमीना मॅडम म्हणतात.
मी चार वेळा आले. चारही वेळा बसमध्ये बसून
आचऱ्याला फोन लावला, रेंज नव्हती.

आज ड्रायव्हरला बस धुवायची होती, म्हणून उतरले
आणि वास आला.

कुजल्या पानांचा, काळ्या रेंद्याचा वास,
ज्याला आमच्याकडे आलेले पाहुणे नाक मुरडायचे
आणि आई म्हणायची, ह्याच वासाचं जेवताय तुम्ही.

तिवर, मी म्हणाले. जरा मोठ्यानंच.
खाडीचा राखणदार उबैद वळला. गुर्म, तो म्हणाला.
पान तोडायचं नाही, पाटीवर लिहिलंय,
म्हणून वाकले आणि फांदीवरच चाटलं.
मीठ.
उबैद हसला, त्यानंही चाटलं.
मग सदतीस जिभा.
शमीना मॅडमनी डोळे मिटून घेतले.

कागदावर आज तिसरा चौकोन होता, सगळ्यात खोल,
जिथं मुलांनी मागं बी रुजवलं, नावांच्या चिठ्ठ्या बांधून.
मी पाण्याची कड पाहिली, चिखलावरची ओली रेघ पाहिली.
आज तिसरा उघडा पडायचा नाही, म्हणाले.
का? मॅडमनी विचारलं.
आज भांग आहे.
मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या.
उधाण नाही तो भांग, कसं सांगू हिंदीत,
चांद आधा, पानी आधा,
सुकती अर्ध्यावरच थांबते.
उबैद बोटांच्या पेरांवर त्याच्या महिन्याचे दिवस मोजत होता,
मी माझ्या पेरांवर तिथ्या.
तो आठवर थांबला. मीही, एखादं पेर इकडंतिकडं.
फसाद, तो म्हणाला.
त्यांच्याकडे ह्या पाण्याला फसाद म्हणतात.

'का मोजलं नाही' असा एक रकाना असतो.
तिथं भांग लिहायचं की फसाद?
मुख्याध्यापक काय म्हणतील, असं म्हणता म्हणता
मॅडमना हसू आवरेना, पेन थरथरलं.
शेवटी त्यांनी नुसता अर्धा चंद्र काढला.

पण नेहल हसली नाही.
तिचं रोप तिसऱ्यात होतं
आणि तिचे बूट पांढरे होते, सकाळपासून पांढरेच ठेवलेले.
तिनं ते काढले, मोजे आत खोचले, माझ्या हातात दिले.
मी म्हटलं, टाच नाही, आधी बोटं,
पाय उपटायचा नाही, तिरका सोडवायचा,
चिखलाशी भांडलीस तर तो जिंकतो.
पहिल्या चौकोनापर्यंत गेलो, दोघीच, गुडघाभर.
तिथून दुर्बीण लावून ती बराच वेळ गप्प.
पाण्यावर फक्त टोकं.
दोन पानं, मग दोन पानं, मग नुसती चिठ्ठी.
लावलेली बारा, तिनं नऊ मोजली.
तिचं त्यात होतं का ते सांगितलं नाही
आणि मी विचारलं नाही.
शेजारच्या फांदीवरून खंड्या सपकन उतरला,
काहीतरी घेऊन गेला.

परतताना मॅडम माझ्या सीटपाशी आल्या,
कॅलेंडर मांडीवर ठेवलं. पुढची तारीख?
माझ्या नखांत अजून रेंदा होता, कागदाला लागला.
मी तारखांखाली बारीक अक्षरात तिथ्या लिहीत बसले,
अमावास्येला एक ठिपका.
बोगदा आला. सहावी ब ओरडली.
अंधारात पेन तिथंच धरून ठेवलं.